चिठ्ठीवर सही करण्याआधी: नव्या डॉक्टरांसाठी औषधं सुरक्षितपणे लिहिण्याचा क्रम

फार्माकॉलॉजीच्या पेपरात औषधाचं नाव दिलेलं असतं आणि त्याची सगळी कुंडली आपण मांडायची असते. ओपीडीत गणित उलटं असतं. समोर बहात्तर वर्षांचे काका बसलेले असतात, पाच गोळ्या आधीच चालू आहेत, गुडघा दुखतोय, झोप लागत नाही, आणि बाहेर रांग वाढत चाललेली असते. औषधाचं नाव आता आपल्याला सुचायला हवं. पटकन सुचतंही. त्या आजारासाठी ते बरोबरच असतं, फक्त त्या माणसासाठी असेलच असं नाही.

इंटर्नशिप संपवून नुकतीच स्वतःच्या सहीने चिठ्ठी लिहू लागलेल्यांसाठी हा क्रम लिहितोय. वेगळं काही म्हटलेलं नसेल तिथे आकडे प्रौढांचे समजा, आणि आपल्या संस्थेच्या सूचनांशी ताडून घ्या. पहिली काही वर्षं तरी डोस आठवणीतून लिहू नका, बघून लिहा. आमचे एक सर निवृत्तीपर्यंत लहान मुलाचा डोस पेशंटच्या आईसमोर पुस्तक उघडून बघायचे. त्यामुळे त्यांच्यावरचा विश्वास उडालेली आई मी पाहिली नाही.

पहिली पायरी: पिशवी उलटी करा

नवीन औषध लिहिण्याआधी पोटात आधीच काय जातंय ते कळलं पाहिजे. "काही औषधं चालू आहेत का?" या प्रश्नाला हमखास "नाही" असं उत्तर येतं, कारण रोजची गोळी लोकांच्या लेखी औषध नसतेच, ती "नेहमीची" असते. म्हणून सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा, टेबलावर मांडा आणि एकेक पाकीट हातात घेऊन विचारा: ही खरंच घेता का? कधी घेता? कशासाठी?

काही गोष्टी पिशवीत कधीच सापडत नाहीत, त्या मुद्दाम विचाराव्या लागतात. डोळ्यांत घालायचे थेंब (काचबिंदूचं टिमोलॉल नाकातून रक्तात उतरतं आणि दम्याच्या पेशंटला धाप लावू शकतं), इन्हेलर, गर्भनिरोधक गोळ्या, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, स्वतःहून आणलेली वेदनाशामकं, झाडपाल्याची औषधं. सिल्डेनाफिलबद्दल (लैंगिक ताकदीसाठीची गोळी) नातेवाइकांना बाहेर बसवून विचारा. छातीत दुखतंय म्हणून नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) दिलं आणि आदल्या रात्री ती गोळी पोटात गेलेली असली, तर बीपी धोकादायक खाली जातं.

ॲलर्जी विचारताना "पेनिसिलिनची ॲलर्जी" एवढं लिहून थांबू नका. काय झालं होतं, किती वेळात झालं, किती वर्षांपूर्वी, हे विचारा. "जुलाब झाले" ही ॲलर्जी नव्हे. पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा शिक्का असलेल्यांची रीतसर तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना पेनिसिलिन चालतं असं दिसतं. तो शिक्का उगाच कायम राहिला की माणसाला आयुष्यभर जास्त मोठी, जास्त त्रासाची अँटिबायोटिक मिळत राहतात. मात्र पाच-दहा मिनिटांत अंगभर गांध्या, ओठ सुजणं, धाप, भोवळ असा इतिहास असेल तर तिथे धाडस नको.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एका आजींना बीपीसाठी अम्लोडिपिन सुरू झालं होतं. महिन्याभरात दोन्ही पाय घोट्याशी सुजले. पुढच्या भेटीत कुणीतरी सूज उतरावी म्हणून फ्युरोसेमाइड जोडलं. सूज होती तिथेच राहिली, पण लघवीच्या गोळीने युरिक ॲसिड वाढलं आणि पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागला. तेव्हा त्या माझ्यासमोर आल्या. मी अंगठा पाहिला, गाउट (युरिक ॲसिडमुळे सांधा सुजणं) ओळखल्याचा आनंद झाला आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक लिहून दिलं. दहा दिवसांनी आजींना मळमळ, थकवा, आणि ०.९ असलेलं क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला म्हणजे किडनीचं काम मंदावलं) १.८ वर. आमच्या वरिष्ठांनी केसपेपर चाळून एकच प्रश्न विचारला, "सूज गोळीच्या आधीची की नंतरची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी ते विचारलंच नव्हतं.

अम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करतं, पण पलीकडच्या शिरा त्या प्रमाणात सैल होत नाहीत. केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलंच नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ते हटत नाही. डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हाच इलाज होता. आजींच्या तीन गोळ्या बंद झाल्या, एक बदलली आणि पाय उतरले.

तेव्हापासून कुठलीही नवी तक्रार आली की पहिला संशय मी आधीच्या चिठ्ठीवर घेतो. कोरडा खोकला? रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू आहे का. पायांत मुंग्या? मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे, बी१२ कधी पाहिलंय. उठताना भोवळ? प्रोस्टेटची गोळी बघा. या प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो.

दुसरी पायरी: औषध हवंच आहे का, आणि कशासाठी

चिठ्ठीच्या कडेला एक ओळ लिहायची सवय लावा: हे औषध कशासाठी, आणि काय झालं म्हणजे ते लागू पडलं असं मी मानणार. ही ओळ लिहिता येत नसेल तर औषध लिहू नका. साध्या सर्दी-पडशात अँटिबायोटिकपुढे ही ओळ लिहून बघा, पेन थांबेल. एकदा मोजलेल्या १५० बीपीचंही तसंच. माणूस जिने चढून, रांगेत ताटकळून, चिडून आत आलेला असतो. पाच मिनिटं शांत बसवून परत मोजा, आणि फार जास्त नसेल तर आणखी एका दिवशी मोजा. एकदा सुरू झालेली गोळी तो बहुधा पुढची वीस वर्षं घेणार आहे.

तिसरी पायरी: थोडी औषधं, पण पुरती ओळखीची

जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ साली काढली. त्यामागची कल्पना आपल्यालाही कामाची आहे: नेमकी, पारखलेली, थोडी औषधं. तुमची स्वतःची तीस-चाळीस औषधांची वही करा. प्रत्येकाचा डोस, कुणाला द्यायचं नाही, किडनी बिघडली तर काय करायचं, कशाशी भांडतं आणि कुठली तपासणी कधी, एवढं त्यात हवं. एकाच गटातली पाच औषधं अर्धवट माहीत असण्यापेक्षा एक नीट माहीत असलेलं बरं. नव्या, चकचकीत माहितीपत्रकातल्या औषधाला या वहीत लगेच जागा देऊ नका. औषधाचे दुर्मिळ दुष्परिणाम चाचण्यांमधल्या काही हजार लोकांत दिसत नाहीत, ते लाखो लोकांनी वापरल्यावर दिसतात.

अँटिबायोटिकसाठी याच संघटनेची २०१७ पासूनची तीन गटांची मांडणी वापरा. ॲक्सेस गट नेहमीसाठी, वॉच गट जपून, आणि रिझर्व्ह गट बाकी सगळं हरल्यावर. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि अझिथ्रोमायसिन दुसऱ्या. आपल्या हातून कुठल्या गटातली जास्त लिहिली जातात ते आठवडाभर मोजून पाहा.

चौथी पायरी: डोस, म्हणजे वय, वजन आणि किडनी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" या वाक्याने जेवढे म्हातारे पेशंट अडचणीत येतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने येत असतील. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच उरलेले नसले तर किडनी अर्धी निकामी असूनही आकडा सभ्य दिसतो.

किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते याचा अंदाज देणारं, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ सालचं सूत्र हाताने करून बघा. १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. आता दोन पेशंट घेऊ, दोघांचंही क्रिएटिनिन १.१.

पहिला पंचवीस वर्षांचा तरुण, वजन ७५ किलो. ११५ गुणिले ७५ म्हणजे ८६२५, भागिले ७९.२, उत्तर साधारण १०९ मिलिलिटर प्रति मिनिट.

दुसऱ्या ऐंशी वर्षांच्या आजी, वजन ४५ किलो. ६० गुणिले ४५ म्हणजे २७००, भागिले ७९.२ म्हणजे ३४, गुणिले ०.८५, उत्तर साधारण २९.

लॅबच्या कागदावर दोघांचा आकडा एकच, पण आजींची किडनी तरुणाच्या जेमतेम पाव कामाची. त्यांना डिगॉक्सिन, गॅबापेन्टिन किंवा लेव्होफ्लॉक्सॅसिन तरुणाच्या डोसात दिलं तर ते साचत जाणार. किडनीवाटे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक औषधाआधी हा हिशोब करा. आणि म्हाताऱ्या माणसाचं वजन काट्यावर करा, अंदाजाने नको.

लहान मुलांत चूक बहुतेक वेळा मिलिलिटरमध्ये होते. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. बारा किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ते ७.५ मिलिलिटर होतं. पाच मिलिलिटरला २५० चं असेल तर ३.६. ड्रॉप्स असतील, मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमवाले, तर फक्त १.८. चिठ्ठीवर नुसतं "साडेसात मिलि" लिहिलंत आणि घरी २५० ची बाटली असली तर मुलाला प्रत्येक वेळी दुपटीहून जास्त औषध जाणार. म्हणून मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि बाटलीची ताकद तिन्ही लिहा. "एक चमचा" कधीच लिहू नका. चमचे नाना आकारांचे असतात.

वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीला पाळी कधी आली होती आणि अंगावर पाजते आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. व्हॅल्प्रोएट, मेथोट्रेक्सेट, वॉरफरिन, आयसोट्रेटिनॉइन, आणि नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेली बीपीची औषधं, गर्भाला इजा करणाऱ्यांत ही नावं तोंडपाठ हवीत. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापासाठी ॲस्पिरिन नाही, राय सिंड्रोममुळे (मेंदू आणि यकृताला इजा करणारा दुर्मिळ आजार).

पाचवी पायरी: कोण कुणाशी भांडतं

सगळ्या जोड्या पाठ होत नाहीत, कराव्याही लागत नाहीत. दोन याद्या ठेवा. एक नाजूक औषधांची, ज्यांची मात्रा जराशी वरखाली झाली की घात होतो: वॉरफरिन, डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन, थिओफिलिन, मेथोट्रेक्सेट. दुसरी भांडखोरांची: क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल आणि त्याचे भाऊबंद (बुरशीवरची औषधं), मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्सॅझोल, रिफॅम्पिसिन, आणि सगळी सूज उतरवणारी वेदनाशामकं. दोन्ही याद्यांतलं एकेक नाव एकाच चिठ्ठीत दिसलं की थांबा आणि बघा.

वॉरफरिनवर स्थिर असलेल्या पेशंटला जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल दिलं की काही दिवसांत आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) उसळी मारतो आणि हिरड्यांतून रक्त येतं. सिमव्हास्टॅटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन दिलं की यकृतातला त्याचा निचरा अडतो, स्नायू विरघळायला लागतात आणि लघवी काळपट होते. रिफॅम्पिसिनचं काम उलटं, ते निचरा वाढवतं, म्हणून गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात आणि हे त्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं.

एक तिकडी मात्र भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे: रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, आणि वरून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. पहिलं औषध किडनीच्या गाळणीतून बाहेर जाणारी वाट सैल करतं, तिसरं आत येणारी वाट आवळतं आणि दुसऱ्याने मुळात पाणीच कमी झालेलं असतं. गाळणीतला दाब कोसळतो. त्यात ऊन लागलं किंवा जुलाब झाले तर बघायलाच नको.

सहावी पायरी: कागदावर उतरवणं

औषधाचं मूळ नाव, पूर्ण, सुटसुटीत अक्षरात. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलझिन यांत अक्षराच्या एका वळणाचा फरक आहे, आणि एक खाजेचं आहे, दुसरं बीपीचं. दशांश चिन्हाआधी शून्य द्या, ०.५ असं, नुसतं ".५" लिहिलं तर टिंब पुसट होऊन पाच वाचलं जातं. पूर्णांकापुढे शून्य देऊ नका, ५.० चे पन्नास होतात. "मायक्रोग्रॅम" आणि "युनिट" पूर्ण लिहा. इन्सुलिनपुढचं रोमन "यू" अक्षर शून्य म्हणून वाचलं गेलं की दहापट डोस जातो.

मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा असतं. ते चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावली आहेत. म्हणून वार लिहा, "फक्त सोमवारी", आणि तो वार पेशंटकडून वदवून घ्या. "लागेल तेव्हा" लिहिलं की पुढे दोन डोसांतलं अंतर आणि दिवसाची कमाल मर्यादा आलीच पाहिजे. किती दिवस, हेही.

सातवी पायरी: बोलणं

"समजलं ना?" या प्रश्नाला सगळेच मान हलवतात. त्याऐवजी विचारा, "घरी कुणी विचारलं तर ही गोळी कशी घ्यायची म्हणून सांगाल?" एखादा काका म्हणेल, "बीपी वाढल्यासारखं वाटलं की घेईन," आणि तुम्हाला कळेल की आपण पाच मिनिटं कुणाशी बोलत होतो. नेहमी होणारा एक त्रास सांगा, आणि कुठलं लक्षण दिसलं तर औषध थांबवून लगेच यायचं तेही सांगा. दुष्परिणामांची अख्खी यादी वाचू नका. लोक घाबरून गोळी घेतच नाहीत.

आठवी पायरी: परत कधी बघायचं आणि कधी थांबवायचं

औषध रक्तात स्थिरावायला साधारण चार ते पाच अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) लागतात. अम्लोडिपिनचा अर्धायुकाल ३० ते ५० तासांचा. म्हणजे तिसऱ्या दिवशी बीपी उतरलं नाही म्हणून डोस वाढवणं म्हणजे कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण उघडणं. थायरॉक्सिनचा जवळपास आठवड्याचा, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा ते आठ आठवड्यांनी. पंधरा दिवसांत केला तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

थांबवण्याची तारीख सुरू करतानाच लिहा. ॲसिडिटीची ओमेप्राझोल बऱ्याचदा चार ते आठ आठवड्यांसाठी असते आणि आठ वर्षं चालते, कारण प्रत्येक जण आधीच्याची चिठ्ठी पुढे उतरवतो. काही औषधं मात्र एकदम तोडायची नसतात: बीटा ब्लॉकर, झोपेच्या गोळ्या, फिटची औषधं, आणि तीन आठवड्यांहून जास्त चाललेली स्टिरॉइड.

रोजच्या चार आजारांना हा क्रम लावून

बीपी: "प्रिल" किंवा "सार्टन" सुरू करण्याआधी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून औषध बंद करू नका, लक्ष ठेवा. त्याहून वाढलं तर कारण शोधा. हे दोन्ही गट एकत्र देऊ नका.

डायबेटिस: मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमने, जेवणासोबत, हळूहळू वाढवत, घाईने पोट बिघडतं आणि पेशंट परत येत नाही. ईजीएफआर (किडनीच्या कामाचा लॅबने काढलेला अंदाज) ३० च्या खाली असेल तर देऊ नका, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करू नका. उलट्या-जुलाबाच्या दिवसांत थांबवायचं हे आधीच सांगून ठेवा. म्हाताऱ्या माणसाला ग्लिबेनक्लामाइड नकोच. त्याने साखर उतरून बेशुद्ध पडलेल्याला ग्लुकोज दिल्यावर तो उठून गप्पा मारायला लागतो, आणि घरी सोडला तर काही तासांत पुन्हा कोसळतो. त्याला रात्रभर ठेवून घ्या.

दमा: नुसत्या सालब्युटामॉलवर पेशंट ठेवू नका. जागतिक दमा उपक्रमाने, म्हणजे जीनाने, २०१९ पासून तसा सल्ला देणं बंद केलं आहे. सोबत श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड हवंच. आणि इन्हेलर त्यांना तुमच्यासमोर घ्यायला लावा. डोस वाढवण्याआधी हे करा, कारण बरंचसं औषध घशावरच बसत असतं.

ताप आणि दुखणं: पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही, बारीक चणीच्या किंवा यकृत बिघडलेल्या माणसाला त्याहून कमी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही ते असतं, म्हणून बेरीज करा. जास्त गेल्याचा संशय असेल तर पेशंट ठणठणीत दिसतोय म्हणून घरी पाठवू नका; यकृताची लक्षणं एक-दोन दिवसांनी येतात आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत दिलं तर सगळ्यात उपयोगी पडतं.

चूक झाली तर

होणार. आधी पेशंट सावरा, मग वरिष्ठांना सांगा, मग पेशंटला सांगा, आणि केसपेपरवर जे घडलं ते वेळेसह लिहा. खाडाखोड नको.

औषधाने त्रास झाला असं वाटलं तर तुमच्याकडच्या औषधसुरक्षा यंत्रणेला कळवा. १९६१ च्या अखेरीस थॅलिडोमाइडचा धोका जगासमोर आला, तो आपल्या पेशंटांकडे बारकाईने बघणाऱ्या डॉक्टरांनी कळवल्यामुळे. अहवालाला चार गोष्टी पुरतात: ओळखता येईल असा एक पेशंट (पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं आणि वय चालतं), संशयित औषध, झालेला त्रास, आणि कळवणाऱ्याचं नाव. औषधानेच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही, संशय पुरेसा आहे. आजींच्या वेळी मी हे केलं नव्हतं. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात, तो ओपीडीच्या टेबलाच्या खणात ठेवा.